देव कोंडण्याचे पाणी

३० मे १९८३, सोमवार. उदगीर.

सकाळी नळाला पाणी आले नाही. हापशावर रांग लावून दोन घागरी मिळाल्या. कचेरीत वेळेवर पोचलो. कोऱ्या नमुन्यांवर अजून ‘जिल्हा उस्मानाबाद’ छापलेले आहे. ते खोडून ‘लातूर’ लिहिण्यात सकाळ गेली. नवीन जिल्हा होऊन वर्ष होत आले, पण जुने कागद संपल्याशिवाय नवे मिळणार नाहीत. दुपारी भाकरी आणि कांदा. घरी आल्यावर पायाला तेल लावले.

ही वही दिवाळीनंतर आणून ठेवली होती. आमची ही, पारू, गेल्यावर माझी बोलण्याची सवय कमी झाली, तर निदान लिहावे असे वाटले होते. सुरुवात आज होत आहे, कारण आज एक अर्ज आला तो लिहून ठेवण्यासारखा आहे.

अर्ज जळकोटकडच्या चिंचोडी गावाचा. गावात महादेवाचे जुने देऊळ आहे, त्याचा गाभारा जमिनीच्या खाली आहे. पावसाने ओढ दिली की गाभाऱ्यातली पाणी जायची मोरी मातीने बुजवतात आणि पिंडी बुडेपर्यंत पाणी भरतात. देव आत कोंडला जातो, गुदमरतो आणि पाऊस सोडतो अशी समजूत आहे. यंदा विहिरी आटल्या आहेत. ‘तरी सरकारने टँकरच्या काही खेपा या धर्मकार्यास मंजूर कराव्यात, ही नम्र विनंती.’ खाली सरपंच गुरुपादप्पा यांची सही.

गुरुपादप्पा माझे मेहुणे. हिचे थोरले भाऊ.

३१ मे, मंगळवार

तहसीलदार साहेबांनी आत बोलावले. साहेब तरुण आहेत, पुण्याकडून आले आहेत. म्हणाले, “अप्पा, चिंचोडीच्या अर्जावर टिपणी तुम्ही लिहा. पाणी देता येतं का, येत नसेल तर का नाही, सगळं कायद्याने. संविधानात काय म्हटलंय तेही बघा.”

मी म्हणालो, अर्ज करणारा माझा सख्खा मेहुणा आहे, दुसऱ्या कुणाकडे द्यावे.

साहेब हसले. “म्हणून तर तुम्ही. तुम्ही नाही म्हटलं तर पक्षपात केला असं कोण म्हणेल? आणि सही तुमचीच असू द्या खाली. मी फक्त ‘मान्य’ लिहीन.”

नवीन माणसावर एवढा विश्वास टाकला, बरे वाटले. मी नांदेडहून बदली मागून इथे आलो त्याला अजून सहा महिनेही झाले नाहीत. नवीन जिल्ह्याला माणसे हवी होती, म्हणून अर्ज केला होता. लातूरला जागा होती, पण मी उदगीर मागितले.

टँकरचे काम खरे तर टंचाई शाखेतल्या साहेबरावचे. त्याला म्हटले, हे तूच का लिहीत नाहीस?

“मी हात लावत न्हाई अप्पा. माजी मावशी भामाबाई चिंचोडीच्या बौद्धवाड्यात ऱ्हाती. मी ‘न्हाई’ लिवलं की गाव म्हणल, बगा, साहेबरावनं देवाचं पाणी तोडलं.”

“माझाही मेहुणा आहे तिथे.”

“तुमच्यावर मेहुणा रुसल. मावशीवर गाव रुसल. तुमचं सस्त्यात हाय.”

त्याला बाकीचे माहीत नाही. ही आजारी असताना माहेरी गेली आणि तिथेच वारली. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. मला शेत नाही. गुरुपादप्पांनी त्यांच्या शेतात जागा दिली. वर दगडी ओटा बांधायचा असे त्यांनीच ठरवले आहे, पण पाण्यावाचून बांधकाम थांबले. सध्या नुसती माती आहे.

२ जून, गुरुवार

साहेबरावने घरचे संविधान आणून दिले. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा.

“जपून आणा. आईच्या पेटीतलं हाय.”

“तू पूर्ण वाचले आहेस?”

“कुणी वाचलंय? तुमी तुमच्या पोथ्या पूर्ण वाचल्या का?”

संध्याकाळी अंगणात खाट टाकून वाचायला बसलो. माझी कल्पना अशी होती की कुठेतरी एकच वाक्य असेल, ‘सरकारने धर्माच्या भानगडीत पडू नये,’ आणि ते उतरवून घेतले की काम झाले. तसे वाक्य सापडले नाही. जे सापडले ते वेगळेच आहे. ज्याला त्याला आपला धर्म पाळण्याची मोकळीक आहे, आणि लगेच पुढे, त्या धर्माला जोडून जे पैशाचे किंवा इतर व्यवहाराचे काम असेल त्यावर सरकार नियम करू शकते. देवळे सर्व हिंदूंना खुली करायला सरकार कायदा करू शकते, म्हणजे देवळाच्या आतही जाऊ शकते. सत्ताविसाव्या अनुच्छेदात, एखाद्या धर्माच्या वाढीसाठी म्हणून कुणाकडून कर घेता येणार नाही. हे माझ्या कामाचे. पण बरेच मागे एके ठिकाणी दक्षिणेकडच्या देवस्थानांना सरकारी तिजोरीतून दरवर्षी रक्कम द्यावी असे चक्क लिहिले आहे. मी पुस्तक मिटले आणि परत उघडून पाहिले. तसेच होते.

मग आठवले की नांदेडला असताना देवस्थानांच्या दिवाबत्तीच्या वर्षासनाची बिले मीच तयार करीत होतो. निजामाच्या वेळेपासून चालत आलेली. देऊळ, मशीद, दर्गा, सगळ्यांची. हे चालते का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आज पडला. एवढी वर्षे नोकरी करून आपल्याच हाताखालून काय गेले ते माहीत नसावे, याची गंमत वाटली.

ही रोज सकाळी गळ्यातले लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिच्या पूजेत कधी ढवळाढवळ केली नाही. ती तिच्या कोपऱ्यात, मी माझा पेपर घेऊन बाहेर. या गोष्टीवरून घरात एकदाही वाद झाला नाही. राज्याने असेच वागावे, असे पुस्तकात असेल असे मी धरून चाललो होतो.

५ जून, रविवार. नांदेड.

पहाटेच्या एस.टी.ने आलो. मुनीरोद्दीन वकील आमचे इथले जुने शेजारी. आता कोर्टात जात नाहीत, ओसरीवर बसून असतात. ही गेली तेव्हा त्यांचे पत्र आले होते, त्याला उत्तर द्यायचे राहून गेले होते. त्यांनी तो विषय काढला नाही.

“बसा शिवमूर्ती. आधी चहा, मग कायदा.”

अर्ज ऐकून ते बराच वेळ हसत राहिले. “देवाला कोंडायला! जिंदगी वकिलीत गेली, अशी दरखास्त बगितली न्हाई.” मग डोळे पुसून म्हणाले, “आता मला सांगा. मशिदीला आग लागली. सरकारी बंब जाईल का न जाईल?”

“जाईल.”

“म्हणजे सरकारचं पाणी मशिदीत गेलं. गल्लत झाली?”

“नाही. आग विझवायला गेले.”

“बस. कुठं गेलं ते नका बगू. कशाला गेलं ते बगा.”

मी विचारले, गुरुद्वाऱ्याच्या यात्रेला सरकार जादा बस सोडते, ते?

“माणसं आणायला सोडतं. चालतं.”

“यात्रेत प्यायच्या पाण्याचा टँकर?”

“चालतं. माणूस पितो.”

“महादेवाला रोजच्या अंघोळीला एक घागर?”

वकिलांनी कप खाली ठेवला. “आता तुमी मला कोंडून राहिले,” म्हणाले.

निघताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, लिहिताना त्या लोकांना हसू नका. ज्याला खरेच वाटते की याने पाऊस पडेल, त्याच्या लेखी ते पाणी पिण्याचेच आहे. दुसरी, “त्या पाण्यानं कुणाचं भांडं रितं राहील, ते जाऊन बगा.” दुसरी गोष्ट कायद्यात कुठे आहे ते त्यांनी सांगितले नाही, म्हणून टिपणीत घेता येणार नाही. पहिली मात्र लक्षात ठेवली.

६ जून, सोमवार

टिपणी लिहिली. चार वेळा खोडली. शेवटचा मजकूर असा: ‘टंचाई निधीतील पाणी पिण्यासाठी आहे. ते धार्मिक विधीसाठी देणे म्हणजे सर्वांच्या करातून एका धर्माच्या कार्यास खर्च करणे होईल. सबब विनंती मान्य करता येत नाही. गावकऱ्यांच्या श्रद्धेविषयी शासनास काही म्हणावयाचे नाही. यापुढे गैरसमज टाळण्यासाठी टँकर इतरत्र कोठेही उभा न करता गावातील सार्वजनिक हौदातच रिकामा करावा.’

हौद नोंदीत पाहून घेतला. जिल्हा परिषदेने दुरुस्त केलेला, सार्वजनिक. साहेबांनी ‘मान्य’ लिहिले. साहेबराव दौऱ्यावर होता, नाहीतर त्याला दाखवली असती. स्वच्छ टिपणी झाली. अनेक दिवसांनी जेवण गोड लागले.

९ जून, गुरुवार

मृग निघाला तरी आभाळ कोरडे.

गुरुपादप्पा संध्याकाळी घरी आले. पाणी पुढे केले, घेतले नाही. उभ्यानेच बोलले.

“दाजी, हे तुमी लिवलं?”

“मी लिहिले.”

“मला वाटलं, दाजी हाईत कचेरीत, निदान अडवणार तर न्हाईत. वर्षाला दिवाबत्तीचं सरकार देतंय का न्हाई आमच्या देवाला?”

“देते.”

“मग तेल चालतंय आन पाणी चालत न्हाई? ह्ये कोणत्या कायद्यात हाय?”

खरे म्हणजे प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, “ते जुने चालत आलेले आहे.”

“आन देव काय ह्या सालचा हाय? पारू ल्हान असताना, एवढीशी, घागर डोक्यावर घिऊन वतली तिनं. त्या साली पाऊस आला. तुमाला सांगितलं नसंल तिनं.”

सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल.

दारात जाऊन ते मागे वळले. “तुमी सरकारी माणूस. सरकारी रस्त्यानं जावा यावा. शेत माजं हाय, शेतातली वाटबी माजी हाय. आता त्या वाटंवर पाय ठिवू नका.”

वाट त्यांची आहे हे खरे आहे.

दर अमावास्येला तिच्या मातीपाशी जात होतो. उद्या अमावास्या आहे.

११ जून, शनिवार

काल गेलो नाही.

आज दुपारी कचेरीच्या लिंबाखाली एक म्हातारी बसली होती. साहेबराव तिला आत घेऊन आला. “हीच माजी मावशी, भामाबाई. हिला तुमालाच भेटायचं हाय.” आणि तो निघून गेला.

तिने मला खालवर पाहिले. “ह्ये व्हय! ह्यास्नी मी वळकते. देवळाच्या पायरीवर चपला राकत बसणारा जावई. पारूबाईचं मालक.”

मी हो म्हणालो. चिंचोडीला गेलो की ही देवळात जायची आणि मी बाहेर बसायचो, ते तिने पाहिले असणार. गावात माझी ही ओळख आहे हे माहीत नव्हते. वाईट वाटले नाही. चपला कुणीतरी राखायला हव्यातच.

“पारूबाई म्हणायची, आमचं मालक लई शांत. कुटं न्हेलं तरी भाईरच बसतेत.”

मी विचारले, काय काम काढले?

“तुमी लिवलंव का, हौदातच पाणी वता म्हणून?”

“हो. सार्वजनिक हौद आहे.”

“हाय की. कुटं हाय त्ये बगितलंव का?”

हौद देवळाच्या आवारात आहे. आत, दरवाज्याच्या पलीकडे. आजवर टँकर वेशीजवळ रस्त्यावर उभा राहायचा आणि जो तो नळीला भांडे लावायचा, बौद्धवाडाही. भांडणे व्हायची, पण पाणी मिळायचे. माझी टिपणी गेली तशी सगळी खेप हौदात पडते. दरवाजा पुजाऱ्याच्या हातात.

“न्हाई कुणी म्हणत न्हाई. ‘थांबा की जरा’ म्हणतेत. आदी देवाचं, मग गावाचं, मग गाळ राह्यला तर आमचा. सूनबाईला दिवस गेलेत, ती काल उन्हात बसली दुपारपातूर. आमी देव सोडून तीस वर्सं होत आली साहेब. तुमी आमाला परत देवळाच्या दारात बशिवलं.”

ती रागावून बोलत नव्हती, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेले. मी म्हणालो, असा हेतू नव्हता.

“हेतू कशाला आसंल? तुमी तर शांत माणूस.”

ती गेल्यावर टिपणीची प्रत काढून पुन्हा वाचली. एकही शब्द चुकीचा नाही. धर्माला पाणी न देण्यासाठी लिहिलेल्या टिपणीने गावचे सगळे पाणी देवळात नेऊन ठेवले. हे कसे झाले ते मी दुपारभर शोधत होतो. सापडले ते इतकेच की मी जाऊन पाहिले नाही.

१३ जून, सोमवार. चिंचोडी.

साहेबांना विचारून तपासणीला गेलो. टँकरच्याच केबिनमध्ये बसून.

हौद पाहिला. भामाबाईने सांगितले तसेच. टँकर आवारात शिरताच आतल्या बाया पुढे झाल्या. बौद्धवाड्याच्या बाया दरवाज्याबाहेर, रिकामी भांडी उन्हात तापत ठेवलेली. गुरुपादप्पा देवळाच्या ओट्यावर बसलेले होते, उठले नाहीत. पुजारी मला म्हणाला, “या जावईबापू, आज आत या की.” कुणीतरी हसले. मी हौदाची मापे घेतली, कारण तिथे उभे राहायला काहीतरी काम पाहिजे होते.

परत निघताना अव्वा भेटल्या. शिवम्मा, माझ्या सासूबाई. सगळा गाव अव्वा म्हणतो. कमरेत वाकल्या आहेत. हात धरून घरात नेले, ताक दिले. ताकात पाणी फार नव्हते, हे या दिवसांत मोठेच.

मी म्हणालो, “अव्वा, मी पाणी अडवले. गुरुपादप्पा चिडले आहेत.”

“चिडंल, मग इसरंल. त्येलाबी ठावं हाय, टँकरच्या नळीनं देव कोंडत न्हाईत.”

“म्हणजे?”

“घरटी घागर आसती. तुज्या पिण्यातली. आपली घागर रिती करून वतायची, तवा देवाला कळतं. नळीनं सरकारचं वतलं तर सरकारनं कोंडलं म्हनायचं. मग पाऊसबी सरकारच्याच दारात पडंल.” आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

“मग अर्ज कशाला केला?”

“घरात घागर हाय कुटं वतायला? गड्याला सरपंच केलंय, त्येला कायतरी कराव वाटतंय.”

मी इतकी वर्षे या गावचा जावई. हे मला कुणी सांगितले नाही, आणि मीही कुणाला विचारले नाही. संविधान शोधायला नांदेडला गेलो तेव्हा वाटेत हे गाव डावीकडे राहिले होते.

शेताकडे गेलो नाही. रस्त्यावरून शेताच्या कडेची बाभूळ दिसते, तिच्या पलीकडे हिची माती आहे. टँकर पुढे गेला.

१४ जून, मंगळवार

दुसरी टिपणी लिहिली. टँकर हौदात रिकामा करू नये. रस्त्यावर तीन ठिकाणी थांबावा: बौद्धवाडा, शाळा, वेस. सुरुवात रोज वेगळ्या जागेपासून. पहिल्या दिवशी बौद्धवाडा. पाणी थेट घरटी भांड्यात द्यावे. शेवटी एक वाक्य घातले: ‘भांड्यात पडल्यावर ते पाणी ज्याचे त्याचे, त्याचा कसा विनियोग केला याची चौकशी शासनाने करू नये.’

साहेबरावने वाचले. “पयलं सगळं आमच्यासाठी हाय. ह्ये शेवटचं कुणासाठी?”

“सगळ्यांसाठी.”

“म्हणजे लोक प्यायचं पाणी देवाला वतणार आन सरकार बगत बसणार?”

“तुझ्या घागरीतले तू झाडाला घातलेस तर मी विचारतो का?”

“झाडाला फळ येतं अप्पा.” पण हसला.

साहेबांना शेवटचे वाक्य नको होते. “हे कशाला? उगाच वाद. काढून टाका.” मी काढणार नाही म्हणालो. नोकरीत वरिष्ठांना मी असे पहिल्यांदा म्हणालो असेन. ते वाक्य नसेल आणि घरातल्या पाण्याचे काय करायचे तेही कचेरीच ठरवू लागली, तर पहिली सगळी वाक्ये पुन्हा हौदाकडेच जातील असे मला वाटते, पण ते समजावून सांगता आले नाही. साहेबांनी बराच वेळ पेन फिरवला. “तुमच्या जबाबदारीवर,” म्हणाले आणि सही केली.

तेल चालते आणि पाणी का नाही, याचे उत्तर अजून मिळालेले नाही. तेल दिल्याने कुणाचा दिवा विझत नाही, असे काहीतरी असेल. पण मग तेही टंचाईत असते तर? वकीलसाहेबांना पत्र घालून विचारणार आहे. जुन्या पत्राचे उत्तरही त्यातच देईन.

१७ जून, शुक्रवार

लातूरहून मेमो आला. गुरुपादप्पांनी वर तक्रार केली आहे: नातेवाइकांतल्या वैमनस्यातून धर्मकार्यात अडथळा. माझा खुलासा मागितला आहे. साहेबांना विचारले, तर म्हणाले, टिपणी तुमची आहे, खुलासाही तुमचाच हवा. बरोबर आहे. नवीन जिल्हा, साहेबांना फार व्याप आहेत.

“अप्पा, तुमी लई भोळे हाव,” साहेबराव म्हणाला. कशावरून, ते सांगितले नाही. त्याने खुलासा स्वतः टाईप करून दिला. बौद्धवाड्याला आता रोज पाणी मिळते, हे त्याने त्यात घातले नाही. “त्ये घातलं तर म्हणतील त्यांच्यासाठी केलं.” मी ते हाताने खाली लिहिले. खरे आहे तर असू द्यावे.

संध्याकाळी जळकोट एस.टी.च्या कंडक्टरने निरोप आणला. अव्वांचा. सोमवारी देव कोंडणार आहेत. लोक दोन दिवसांपासून पिण्यातले काढून ठेवत आहेत. लग्न होऊन गेलेल्या लेकीही घागर ओतायला येतात. त्या न आल्या तर त्यांच्या घरचे कुणी. पारूची घागर कोण ओतणार, एवढे विचारले आहे.

साहेबरावला म्हटले, ज्याने टँकर नाकारला त्यानेच घागर ओतली तर लोक काय म्हणतील? आणि सरकारी नोकराने ओतली तर ती सरकारने ओतली असे होते का?

“किरकोळ रजा टाका,” तो म्हणाला. “रजेवरचा माणूस सरकार नसतो.”

२० जून, सोमवार

किरकोळ रजा.

चिंचोडीला पोचलो तेव्हा रांग लागली होती. टँकर बौद्धवाड्यापाशी उभा होता. भामाबाई भांडे भरून उभी होती. मला पाहून म्हणाली, “आमचं भरलं. तुमचं तुमी बगा आता.”

अव्वांनी घागर पुढे ठेवली. माझ्या हातात देताना एक थेंब सांडला नाही. मी रांगेत उभा राहिलो. पुढच्या बायकांनी मागे वळून पाहिले, मग पाहायचे सोडले.

गाभाऱ्याच्या पायऱ्या अरुंद आहेत. आत काळोख, ओल्या मातीचा वास. मोरी काळ्या मातीने लिंपलेली. पाणी घोट्याच्या वर आले होते. गुरुपादप्पा आत उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, म्हाताऱ्या बायकांच्या घागरी हातात घेत होते. मला पाहून थांबले. मी घागर त्यांच्याकडे केली.

“न्हाई,” ते म्हणाले. “ज्याची घागर त्यानं वतायची.” मागून कुणीतरी, “चला की वो,” म्हणाले. मग गुरुपादप्पा म्हणाले, “दाजी, खालून धरा. काठ फुटलाय तिचा.”

मी खालून धरली. पिंडी दिसत नव्हती, वाकल्यावर हाताला लागली. वरचा भाग अजून कोरडा होता. ओतले. पाणी थंड होते. मंत्र वगैरे काही येत नाही, त्यामुळे म्हटला नाही. विशेष काही वाटले असे नाही. पण बाहेर येण्याची घाई झाली नाही, आणि मागच्या माणसाला पुन्हा एकदा “चला की” म्हणावे लागले.

देव आज बुडाला नाही. पाणी पुरले नाही. उद्या टँकर आल्यावर पुन्हा भरतील म्हणाले. आभाळात काही नाही.

गुरुपादप्पा बाहेर आले नाहीत. शेताविषयी त्यांनी काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. एस.टी.ला वेळ होता. रस्त्याने बाभळीपर्यंत गेलो. वाटेच्या तोंडाला काट्याची मोठी फांदी आडवी टाकलेली होती. थोडा वेळ उभा राहिलो. मग ती एका बाजूला ओढली, आत गेलो, तिथे बसलो. ऊन उतरल्यावर उठलो. परत येताना फांदी होती तशी लावली.

घरी येईपर्यंत बोट ठणकायला लागले होते. काटा आत मोडला आहे. उजव्या हाताच्या बोटात, त्यामुळे सुई डाव्या हाताने धरावी लागली. उंबऱ्यात उजेडाला बसलो. वेळ लागला. निघाला.